केशवराव अस्वलाचं थंडगार कार्ड

एका जंगलात वीज होती, इंटरनेट होतं आणि वाघही होता. तिन्ही मनाला येईल तेव्हा येत आणि मनाला येईल तेव्हा जात. त्यामुळे मुलांनो, त्या जंगलातल्या प्राण्यांना वाट बघायची चांगली सवय होती.

तिथे मोठ्या कातळाखालच्या गुहेत केशवराव अस्वल राहायचे. अंगानं दणकट, स्वभावानं भिडस्त. अंगावर केस इतके, की उन्हाळ्यात त्यांची बायको सरूबाई त्यांच्या शेजारी बसत नसे. धंदा मात्र नाजूक होता. जुन्या, खराब झालेल्या चित्रफिती ते कॉम्प्युटरवर घेऊन स्वच्छ करायचे. कुणाच्या आजोबांचा चेहरा पुसट झालेला असायचा, कुणाच्या लग्नातल्या वरमाईवर पांढरे ठिपके पडलेले असायचे. केशवराव ठिपके काढायचे, रंग भरायचे, थरथरणारं चित्र जागच्या जागी बसवायचे.

या कामाला कॉम्प्युटरच्या पोटात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक जाडजूड भाग लागतो. सगळी चित्रं तोच रंगवतो. रंगवताना तो तापतो, आणि फार तापू नये म्हणून त्याच्यावर पंखे बसवलेले असतात. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढची गोष्ट तुम्हाला कळेल. केशवरावांनी एवढं लक्षात ठेवलं असतं तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

थंडी सरत आली होती. एके सकाळी गोदाआक्का हत्तीण गुहेपाशी आली. सगळ्या कळपात वयानं मोठी. बोलणं रोखठोक. तिनं सोंडेतली एक जुनी फीत केशवरावांच्या हातावर ठेवली.

"केशवा, ही साफ करून दे. लवकर दे."

"काय आहे यात आक्का?"

"मी पिल्लू होते तेव्हाची आहे. आमचा कळप नदी ओलांडतोय. मी मधेच पाण्यात घसरले आणि कुणीतरी मागे फिरून मला बाहेर काढलं. आई म्हणायची, मी काढलं. माझी बहीण चंद्रा म्हणायची, मी काढलं."

"आणि तुम्ही?"

"मी आईचं खरं धरलं. चंद्राला खोटारडी म्हणाले, चारचौघांत. त्याच पावसाळ्यात ती दुसऱ्या कळपाबरोबर घाट उतरून गेली. परत आली नाही." आक्कानं पाय बदलला. "आई गेली तेव्हा तिच्या सामानात ही फीत सापडली. पण हिच्यात सगळे हत्ती ढेकळांसारखे दिसतात. चंद्राचा डावा कान लहानपणीच काट्यात फाटला होता. आईचे दोन्ही कान धड होते. मला तेवढा एक कान दाखव."

"दाखवतो की. त्यात काय!"

"पण लवकर. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. पिंगळा वैद्य म्हणाला, मोहाची फुलं गळून संपेपर्यंत दिसेल. पुढचं त्याला माहीत नाही."

मोहाला अजून कळ्यासुद्धा धरल्या नव्हत्या. केशवरावांनी मनाशी हिशेब केला. कार्ड सलग चाललं तर काम चार दिवसांचं होतं.

"आक्का, पुढच्या बाजाराच्या दिवशी या," ते म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी फीत लावली. काम सुरू झालं. कार्डावरचे पंखे घरघरले, मग किंचाळायला लागले. तासाभरात तापमानाचा आकडा शंभराच्या पुढे गेला आणि यंत्र आपोआप बंद पडलं. केशवरावांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद पडलं.

सरूबाई दाराशी कंदमुळं सोलत बसली होती. ती म्हणाली, "अहो, आतून एकदा झाडून घ्या ना. दोन वर्षांत उघडलेलं नाही तुम्ही ते."

केशवरावांना राग आला. कामातला माणूस अडचणीत असताना त्याला केरसुणीचा सल्ला देऊ नये, असं त्यांचं मत होतं. आता ते माणूस नव्हते, अस्वल होते. पण मत तेच होतं.

"हा झाडण्याचा विषय नाही," ते म्हणाले. "हा कुलिंगचा विषय आहे."

आणि ते सल्ला घ्यायला निघाले.

पहिल्यांदा ते मोरेश्वर वानराकडे गेले. मोरेश्वर उंबराच्या झाडावर बसून नव्या वस्तूंची खोकी उघडायचा आणि त्या वस्तू कशा आहेत ते सगळ्या जंगलाला सांगायचा. खोकं उघडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आतल्या वस्तूशी त्याचा तेवढा संबंध येत नसे.

"पंखे?" मोरेश्वर फांदीवरून खाली वाकला. "केशवराव, तुम्ही अजून पंखे वापरता?"

केशवरावांनी मान खाली घातली.

"पाणी घ्या, पाणी! कार्डावर तांब्याचा ठोकळा बसवायचा. त्यातून पंप पाणी फिरवतो. पाणी उष्णता उचलतं आणि नळीतून रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं. सगळं तयार, बंद, सीलबंद मिळतं. बसवा आणि विसरा."

"तुमच्याकडे आहे का?"

"माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही," मोरेश्वर म्हणाला. "म्हणून तर मी निःपक्षपाती आहे."

हे केशवरावांना पटलं. ते घरी निघाले. वाटेत तळ्याकाठी धोंडोपंत कासव ऊन खात बसले होते. इंटरनेटवर जाणकारांची एक चावडी भरायची. धोंडोपंत तिथले सगळ्यात जुने सभासद. कुणी काहीही विचारलं की ते उत्तर द्यायचे, "याची चर्चा मागे झालेली आहे."

"बंद सेट?" धोंडोपंतांनी मान कवचातून हळूहळू बाहेर काढली. "केशवा, तू काय नवशिका आहेस?"

"नाही पंत."

"मग? बंद सेट म्हणजे दुसऱ्यानं भरलेलं पाणी. पंप गेला की सगळा सेट गेला. स्वतः जुळव. पंप वेगळा, टाकी वेगळी, रेडिएटर वेगळा, ठोकळा वेगळा. पण ठोकळा तुझ्याच कार्डाच्या मापाचा हवा. एक भोक इकडचं तिकडे झालं तर बसणार नाही."

"आणि नळ्या?"

धोंडोपंतांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मऊ की कडक, यावर चावडीत सहा वर्षं वाद चालू आहे. दोन सभासद एकमेकांच्या मुलांच्या बारशाला जात नाहीत. आधी सगळं वाच. मग बोलू."

केशवराव वाचायला बसले.

मुलांनो, वाचन फार चांगलं असतं. केशवरावांनी पंपांबद्दल वाचलं, पंपांच्या आवाजांबद्दल वाचलं, त्या आवाजांबद्दल तक्रार करणाऱ्यांच्या स्वभावाबद्दल वाचलं. दोन पंख्यांचा रेडिएटर की तीन पंख्यांचा, यावर त्यांनी तीन आठवडे घालवले. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आलं तर धातू गंजतो हे कळलं, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पूर्वी ते फितींची स्वप्नं पाहायचे. आता त्यांना नळ्यांची स्वप्नं पडायला लागली.

बाजाराचा दिवस आला, गेला. तिसऱ्या बाजाराला गोदाआक्का आली.

"झालं का रे?"

"होतच आलंय आक्का. फक्त मऊ नळ्या घ्यायच्या की कडक, एवढं ठरायचंय."

"कुणाच्या नळ्या?"

केशवरावांनी समजावून सांगितलं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. हत्ती ऐकतात नीट. कान मोठे असतात.

"म्हणजे माझी फीत सुरूच झाली नाही?"

"आक्का, घाईनं केलं तर कार्ड जळेल. मग फीत कधीच होणार नाही."

आक्काला कार्डांमधलं काही कळत नव्हतं. "मोहाला कळ्या आल्यात," एवढंच म्हणून ती गेली.

सरूबाई आतून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "तिला नळ्यांचं काय सांगता? कानाचं सांगा."

"तुला यातलं कळत नाही," केशवराव म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी छातीवर दगड ठेवून निर्णय घेतला. नळ्या कडक. रेडिएटर तीन पंख्यांचा. सगळं स्वतः जुळवायचं. सामान मागवलं आणि बसवायला सदूला बोलावलं.

सदू पाणमांजर. जंगलात कुठेही पाणी यायला हवं असेल किंवा थांबायला हवं असेल, तर सदू. बोलायला कमी, हाताला स्वच्छ. त्यानं कॉम्प्युटरचं झाकण काढलं, कार्ड बाहेर घेतलं, उजेडाकडे धरलं आणि पंख्यांमध्ये दोन बोटं घालून काहीतरी ओढलं.

ते येतच राहिलं. काळं, लांब, दाट. सदूनं दुसरा हात लावला. शेवटी त्याच्या मांडीवर एका ससुल्याएवढा केसांचा गोळा जमा झाला.

सरूबाईनं कंदमुळं सोलणं थांबवलं. तिनं गोळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. बोलली काही नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

"केशवराव, तुमचेच केस," सदू म्हणाला. "पंखे फिरणार कसे? थांबा, एकदा असंच लावून बघतो."

त्यानं कार्ड परत बसवलं आणि फीत सुरू केली. पंखे शांतपणे फिरायला लागले. तास गेला. आकडा सत्तरवर जाऊन थांबला तो तिथेच राहिला.

"झालं," सदू हत्यारं पिशवीत भरू लागला. "चालू द्या आता. चार दिवसांत काम होईल तुमचं. ते पाण्याचं सामान परत पाठवून द्या."

मुलांनो, या वेळी केशवरावांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना स्वतःलाही तसंच वाटलं. त्यांनी मनात आनंद शोधून पाहिला. तिथे तो नव्हता. तिथे पंप होता. तीन पंख्यांचा रेडिएटर होता. तीन आठवड्यांचं वाचन होतं. आपण एवढं शिकलो ते एका केसांच्या गोळ्यासाठी, हे त्यांच्यानं गिळवेना.

"सत्तर," ते म्हणाले. "आज सत्तर आहे. उन्हाळ्यात?"

"पंचाहत्तर होईल. कार्डाला ते चालतं."

"आणि केस पुन्हा अडकले तर?"

"पुन्हा काढायचे."

"सदू, वरवरचं बोलू नको. उघडलंच आहे तर करूनच टाकू. दोन दिवसांचं तर काम."

"मग हे चार दिवस होऊ द्या, त्यानंतर येतो मी."

पण केशवरावांनी तोवर फीत बंद केली होती.

दोन दिवसांचं काम होतं, हे खरं. पण तांब्याचा ठोकळा आला तो त्यांच्या कार्डाचा नव्हता. त्याच नावाच्या, शेवटी एक अक्षर जास्त असलेल्या कार्डाचा होता. दुसरा मागवला. त्याला वेळ लागला. मग रेडिएटर कॉम्प्युटरच्या पेटीत मावेना. मोठी पेटी आणली, ती कोनाड्यात बसेना. कोनाडा फोडला. मग कडक नळ्या तापवून वाकवताना तीन मोडल्या. मग पाणी भरून गळती तपासायची होती. नळ्यांखाली वाळकी पानं पसरून केशवराव दिवसभर त्यांच्याकडे टक लावून बसले. एक पान भिजलं. सगळं पुन्हा सोडवलं. मग असं कळलं की ते पान सरूबाईच्या ओल्या हातानं भिजलं होतं.

या सगळ्यात गोदाआक्का दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी येताना ती वाटेतल्या वारुळाला धडकली. केशवराव त्या वेळी नळीतला हवेचा बुडबुडा घालवत होते. त्यांनी हात हलवून तिला "उद्या, उद्या" अशी खूण केली. तिला ती दिसली की नाही, कोण जाणे.

अखेर एके दिवशी सगळं जुळलं. आणि खरं सांगतो, ते फार सुंदर दिसत होतं. काचेच्या पेटीत लाल पाणी नळ्यानळ्यांतून फिरत होतं. आत दिवे लागत होते. हरणं आली, मोर आला, साळिंदर सहकुटुंब आलं. मोरेश्वर वानर उंबरावरून खाली उतरला, हे दहा वर्षांत पहिल्यांदा घडलं. धोंडोपंत तळ्यावरून निघाले होते, तिसऱ्या दिवशी पोचले आणि म्हणाले, "नळ्या मऊ हव्या होत्या."

केशवराव आकडा दाखवायचे. "एकतीस! हात लावून बघा. गार आहे की नाही?"

"गार आहे," सगळे म्हणायचे.

आता फीत सुरू करायला काहीच अडचण नव्हती. केशवरावांनी एकदा सुरू केलीसुद्धा. आकडा एकतीसवरून चाळीसवर गेला, चाळीसवरून पन्नासवर. केशवरावांनी फीत बंद केली. आकडा परत एकतीसवर आला. त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. तिसऱ्या दिवशीही यायचे होते. पाहुण्यांपुढे पन्नास कसे दाखवणार? केशवरावांनी काम थोडं पुढे ढकललं.

पाचव्या दिवशी सरूबाई रान हिंडून परत आली आणि तिनं रिकामी टोपली त्यांच्यापुढे आपटली.

"मोहाखाली काही राहिलं नाही," ती म्हणाली. "शेवटची फुलं परवाच वेचून झाली म्हणे."

"मग दुसरं काही आण."

"अहो, मला खायला नको आहे! मोह संपला म्हणतेय मी. आक्का काय म्हणाली होती?"

केशवराव लाल पाण्याकडे पाहत होते. ते पाहत राहिले, पण आता त्यांना पाणी दिसत नव्हतं. वारुळाला धडकलेली आक्का दिसत होती. आपण तिला हात हलवून खूण केली, हे त्यांना आठवलं. बोललो असतो तर निदान ऐकू तरी गेलं असतं.

ते उठले. बाहेर उभ्या असलेल्या पाहुण्यांना त्यांनी परत पाठवलं. फीत लावली, आणि तापमानाच्या आकड्यावर चिखलाचा एक गोळा थापला.

चार दिवस कार्ड चाललं. चार दिवस केशवराव तिथून हलले नाहीत. एकेक हत्ती ढेकळातून बाहेर आला. आधी पाठी, मग पाय, मग डोळे. पाण्यावरचं ऊन आलं. चौथ्या दिवशी दुपारी कान आले.

केशवरावांनी ते तीनदा पाहिले. मग स्वतः धावत जाऊन आक्काला घेऊन आले. ती त्यांच्या पाठीवर सोंड ठेवून चालत होती.

त्यांनी फीत सुरू केली. आक्का गुहेच्या तोंडाशी उभी राहिली. पडदा उजवीकडे होता. ती सरळ समोर कातळाकडे बघत होती.

"सुरू झाली का?" तिनं विचारलं.

केशवरावांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग आक्काच्या डोळ्यांकडे. सरूबाई पुढे झाली. आक्काच्या सोंडेवर हात ठेवून म्हणाली, "झाली, आक्का. हे सांगतात तुम्हाला."

"सांग मग."

केशवराव सांगू लागले. आयुष्यभर त्यांनी चित्रं साफ केली होती, चित्र सांगितलं कधीच नव्हतं. "नदी आहे. पाणी गढूळ आहे. सात हत्ती आहेत. एक पिल्लू आहे, सगळ्यांच्या मागे. ते घसरलं."

"मी ती. पुढे?"

"सगळे पुढे चाललेत. कुणाला कळलेलंच नाही. पिल्लाची फक्त सोंड वर दिसतेय. आता... आता एकजण वळली. बाकीचे काठावर चढले. ही एकटीच पाण्यात मागे आली. तिनं डोकं पिल्लाच्या पोटाखाली घातलंय. ढकलतेय. स्वतः बुडतेय, पण ढकलतेय."

"कान, केशवा."

"डावा फाटका आहे, आक्का. पार मुळापर्यंत. उजवा धड आहे."

मागे पंप मंद आवाजात गुरगुरत होता.

"तुला नीट दिसलं ना?" आक्कानं विचारलं. "म्हातारीचं मन राखायला म्हणून सांगत नाहीस ना?"

"नाही आक्का. शपथ."

"शपथ चंद्रानंही घेतली होती," आक्का म्हणाली. "मी तिला म्हणाले होते, डोळ्यांनी बघेन तेव्हाच मानेन." तिनं सोंड पुढे करून पडदा चाचपला. काच गुळगुळीत होती. "आता तू म्हणतोस म्हणून मानायचं. दुसरं काय करणार? पुन्हा सांग. ती वळते तिथपासून."

केशवरावांनी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. सूर्य कलेपर्यंत ते सांगत होते. आक्का प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी थांबवायची आणि कान कुठला ते विचारायची.

तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. पलीकडच्या रानातली काही हरणं केशवरावांचं यंत्र बघायला आली होती. त्यांच्यातल्या एकानं मान आत घातली आणि हळूच विचारलं, "काका, सध्या आकडा किती आहे?"

"माहीत नाही," केशवराव म्हणाले, आणि आक्काला पुन्हा नदीपासून सांगू लागले.

तात्पर्य : यंत्र तापलं तर सगळी कामं बाजूला ठेवून आधी त्याला थंड करावं. वाट बघणारे आपोआप थंड होतात. त्यांना पंप लागत नाही.